पोशाख, हक्क आणि स्वाभिमान
(काटोल येथे बौद्ध तरुणांच्या सभेत दिलेले भाषण)



पुरुषांच्या पोशाखाचा विषय धम्माच्या व्यासपीठावर कशासाठी, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. परंतु ज्या समाजाला अंगावरचे वस्त्रसुद्धा स्वतःच्या इच्छेने निवडण्याची मुभा नव्हती, त्याच्यापुढे हा विषय गौण ठरत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळाला प्रेतावरची वस्त्रे आणि शूद्राला जुनी झालेली वस्त्रे नेमून दिली. नागपूरच्या आसपास जाडेभरडे कापड विणण्याचा धंदा आपल्याच वाडवडिलांपैकी अनेकांच्या हाती होता. ज्याने कापड विणले त्याने ते कसे नेसावे, हे मात्र दुसऱ्याने ठरवावे, अशी ती व्यवस्था होती.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, जानेवारी १९२८ मध्ये, इंदूर जिल्ह्यातील एक बातमी वृत्तपत्रात आली. तेथील बलाई लोकांना गावोगावच्या सवर्णांनी अटी घातल्या होत्या. जरीकाठी पागोटे बांधावयाचे नाही, रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसावयाचे नाही, स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालावयाचे नाहीत. बलाईंनी नकार देताच त्यांना विहिरी बंद झाल्या, गुरांची चराई बंद झाली, आणि अनेक कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडावी लागली. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या निबंधात हा दाखला दिला आहे. एका धोतराच्या काठासाठी गाव उठते, यावरून त्या काठाची खरी किंमत ओळखावी.

मग चांगले कपडे घातले म्हणजे जात सुटते काय? याचेही उत्तर बाबासाहेबांच्याच चरित्रात आहे. १९०१ साली लहानगा भीम घरच्या मुलांसह वडिलांना भेटण्यास निघाला. मुलांना नवे सदरे, नव्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे आणि नवे जोडे घेतले होते. मसूर स्टेशनावर उतरलेली ही नीटनेटकी मुले स्टेशनमास्तरला ब्राह्मणांची वाटली. त्याने विचारले आणि मुलांनी आपली जात सांगितली. तत्क्षणी त्याचा चेहरा बदलला व तो आपल्या खोलीत निघून गेला. दुप्पट भाडे देऊ केले तरी गाडीवान मिळेना. शेवटी मुलांनी गाडी हाकावी आणि गाडीवानाने पायी चालावे, असे ठरले.

या प्रसंगाचा बोध स्पष्ट आहे. पोशाख जात झाकतो, तो फक्त पुढचा प्रश्न येईपर्यंत. कोर्टात आम्हां वकिलांचा काळा कोट आणि पांढरी पट्टी सर्वांना सारखीच असते. तरी आडनाव विचारून खात्री करून घेणारे तेथेही भेटतात. म्हणून स्वतःला लपविण्यासाठी कोट घालू नका. आपण कोण आहोत हे सांगता यावे आणि सांगताना मान खाली जाऊ नये, यासाठी तो घाला. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी सूट घातला, तेव्हा त्यांनी आपण कोणाचे प्रतिनिधी आहोत हे लपविले नाही. नागपूरहून काटोलला येताना फेटरीजवळ चिचोली येथे त्यांचे कोट व वापरातील वस्तू जतन केल्या आहेत. ज्यांनी त्या पाहिल्या नसतील त्यांनी अवश्य पाहाव्यात.

आता कायद्याची बाजू सांगतो. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने, ज्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, दागिने व उंची वस्त्रे वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा ठरविला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध अधिनियमात २०१५ साली झालेली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. तिच्यात सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास, वरात काढण्यास वा वरातीत घोड्यावर बसण्यास अडथळा करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षे कारावास आणि दंड सांगितला आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला, म्हणून धर्मांतरामुळे हे संरक्षण जाते, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची आवश्यकता नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. आणि ही कलमे केवळ कागदावरची गरज नाहीत. गुजरातेतील बनासकांठा जिल्ह्यात २०२३ साली चांगले कपडे व काळा चष्मा घातल्यावरून एका दलित तरुणास मारहाण झाली. असा प्रसंग आलाच, तर फाटलेला सदरा धुऊ नका, शिवू नका. ओला असल्यास सावलीत वाळवून कागदात गुंडाळून ठेवा आणि पंचनाम्यात जमा करा. तो पुरावा आहे.

हक्क मिळाला म्हणजे कर्ज काढण्याची सूट मिळाली, असे मात्र नाही. लग्नातील एका दिवसाच्या सुटासाठी सावकाराचे दार गाठणारा तरुण एक गुलामी सोडून दुसरी पत्करतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखो लोक आले ते साध्या शुभ्र वस्त्रांत. त्या साधेपणाने कोणाचीही शोभा उणावली नाही.

ऐपतीप्रमाणे एकच कोट घ्या, पण पारखून घ्या. प्रथम खांदा पाहा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी संपली पाहिजे. त्यापुढे लोंबणारा कोट उसना दिसतो. कंबर आणि बाही शिंपी पुढे दुरुस्त करू शकतो. खांदा दुरुस्त करणे फार कठीण. बाही मनगटापर्यंत यावी आणि खालून सदऱ्याची अर्धा इंच कड दिसावी. माप देताना खिसे रिकामे ठेवा, श्वास रोखून पोट आत घेऊ नका. कच्च्या शिवणीवर कोट घालून बसून पाहा, हात वर करून पाहा. शिवणींत माया ठेवावयास सांगा, म्हणजे अंग भरले तरी कपडा टाकावा लागत नाही. सुती कापड शिवण्यापूर्वी रात्रभर भिजवून वाळवा, एरवी ते पहिल्या धुण्यात आटते.

लोकरी कोट वारंवार धुऊ नये. वापरानंतर ब्रशाने झाडून, रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर रात्रभर हवेत ठेवावा. इस्त्री ओलसर फडक्यावरून फिरवावी, नाहीतर कापडावर चकाकी येते. डाग व घाम लागलेल्या कोटास कसर लवकर लागते. म्हणून पावसाळ्यापूर्वी तो स्वच्छ व पूर्ण कोरडा करूनच पेटीत ठेवावा. सैल झालेली गुंडी त्याच दिवशी शिवावी.

वस्त्राची निगा हा धम्माचाही भाग आहे. विनयपिटकात कथा आहे. कोसंबीच्या राजा उदेनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दिली. एवढ्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. आनंदाने सांगितले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली त्यांना ती वाटू. जुन्यांची पांघरुणे होतील, मग गाद्यांच्या खोळी, मग पायपुसणी, मग धूळ झाडण्याची फडकी. आणि अखेरीस त्या चिंध्या मातीत कालवून लिंपण करू. राजाचे समाधान झाले.

यात दोन शिकवणी आहेत. वस्त्र वाया घालवू नये, ही एक. आणि आपल्याला चांगले मिळाले म्हणजे प्रथम ज्याचे जीर्ण झाले त्याच्याकडे पाहावे, ही दुसरी. चांगला कोट घालून आपल्याच वस्तीतील फाटक्या सदऱ्याच्या भावास ओळख न देणारा मनुष्य मसूरच्या त्या स्टेशनमास्तरच्याच रांगेत उभा राहतो. तुम्ही त्या रांगेत उभे राहू नका, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.

जय भीम.