सिनेमा: थिएटरात की घरी?

श्रोतेहो, ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. पुढे जत्रांतल्या तंबूंनी सिनेमा खेड्यापाड्यांत नेला. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन सुरू झाले, पडदा घरात आला. आता तर तो खिशात मावतो. मग तालुक्याला जाऊन तिकीट कशाला काढायचे?

प्रश्न रास्त आहे. एस्टीचे भाडे, तिकीट, बुडालेली मजुरी, हा हिशेब काही खोटा नाही. ज्या म्हातारीला उंबरठा ओलांडवत नाही, तिला तर घरचाच पडदा. पण घरी कुकरची शिट्टी होते, दारात कोणी हाक मारते, अन् गोष्ट तुटते. थिएटरात तसे होत नाही. तिथे अंधारात शेजारचा अनोळखी माणूसही आपल्याबरोबर डोळे पुसतो. पैसे मोजायचे ते त्यासाठी.

तेव्हा एरवी घरी पाहा. वर्षाकाठी एखादा चांगला सिनेमा मात्र मुलाबाळांसह थिएटरात पाहा. आणि गुरुजी, आपल्याला एक विनंती. आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’ शाळेत सगळ्यांना एकत्र बसवून, मध्ये न थांबवता दाखवा. मग मुले काय बोलतात, ते ऐका.