इंजिनाचे पुढचे झाकण बसविताना



यंत्रातून तेल गळू लागले की बोल्ट अधिक आवळावेत, ही माणसाची स्वाभाविक प्रवृत्ती असते. अ‍ॅम्बॅसडर मोटारीच्या १४८९ घन सेंटिमीटर क्षमतेच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचे पुढचे झाकण मात्र या प्रवृत्तीला दाद देत नाही. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे या मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. त्यामुळे आज तिचे आयुष्य सर्वस्वी दुरुस्तीच्या गुणवत्तेवर अवलंबून आहे.

हे झाकण पत्र्याचे असून त्याच्या आत टायमिंगची साखळी फिरते. झाकणाच्या मधोमध असलेल्या भोकातून क्रँकशाफ्टवरील पुलीचा दांडा बाहेर येतो. झाकण आणि इंजिन हे दोन्ही स्थिर भाग. त्यांच्यामधील फट गास्केट बुजविते. फिरता दांडा आणि स्थिर झाकण यांच्यामधील फट मात्र ऑइल सीलची मऊ कड सांभाळते. पहिल्या ठिकाणी दाब उपयोगी पडतो, दुसऱ्या ठिकाणी केवळ मध्य साधणे उपयोगी पडते. हा भेद ज्याला उमगला, त्याला अर्धे काम साधले.

बोल्टची भोके बोल्टपेक्षा किंचित मोठी असल्याने झाकण थोडे इकडेतिकडे सरकू शकते. ते आधी घट्ट करून मागाहून पुली घातली, तर सील एका बाजूस दाबले जाते व दुसऱ्या बाजूस सैल राहते. दाबलेली कड झिजते आणि सैल बाजूने तेल निसटते. मग दोष नव्या सीलच्या माथी मारला जातो, रेडिएटर पुन्हा उतरवावा लागतो आणि टॅक्सीचालकाची एका दिवसाची कमाई बुडते. गळतीकडे दुर्लक्ष केल्यास हानी त्याहून मोठी असते. तेलाची पातळी फार खाली गेली की बेअरिंगे कोरडी पडून जळतात.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. प्रथम जुन्या गास्केटचे अवशेष पूर्णपणे खरवडून काढावेत. बोल्टच्या भोकांभोवती पत्रा फुगला असेल, तर तो लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सपाट करावा. ही फुगवटी पूर्वीच्या अति आवळण्याचीच खूण होय. पुलीच्या दांड्यावर सीलने चर पाडली असेल, तर नवे सीलही तेथे टिकणार नाही. साखळीपुढील तेल उडविणारी चकती ज्या बाजूने निघाली, त्याच बाजूने परत घालावी.

यानंतर सीलला तेल लावून झाकण बसवावे व बोल्ट केवळ बोटांनी फिरवावेत. मग पुली चावीच्या खाचेशी जुळवून आत सरकवावी. पुलीच झाकणाला त्याच्या योग्य जागी आणते. त्यानंतरच बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळावेत.

शेवटी इंजिन तापेपर्यंत चालवून कड तपासावी. तरीही तेल दिसल्यास इंजिनाची श्वसननळी तुंबलेली नाही ना, हे पाहावे. कारण आत कोंडलेला दाब उत्तम सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. तेव्हाही पान्ह्याकडे हात जाण्यापूर्वी कारणाकडे दृष्टी जावी, हेच कुशल कारागिराचे लक्षण होय.