मोटारीला डोळे नसतात
(हडपसर येथील प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आपल्या हडपसरच्या मोठ्या चौकाला गाडीतळ म्हणतात. नावातच गाड्या आहेत. पूर्वी गाडी म्हटली की बैलगाडी. आता इथून ट्रक, एसटी, रिक्षा, फटफट्या आणि उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात. एक रस्ता सोलापूरकडे जातो, दुसरा दिवे घाटातून सासवडला. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी एका वाटेने जाते आणि माउलींची दुसऱ्या. चालणारी माणसे आणि धावणाऱ्या मोटारी, दोघांना रस्ता एकच. म्हणून आज गाडी हाकण्याविषयी चार गोष्टी सांगतो.

आधी बैलगाडीचेच बघा. बैलाला घरची वाट ठाऊक असते. गाडीवानाला डुलकी लागली, तरी बैल खड्डा चुकवतो. समोर माणूस आला तर थबकतो. गाडीवानाचे डोळे दोन आणि बैलांचे चार. म्हणजे त्या गाडीला सहा डोळे झाले.

मोटारीला दिवे असतात, पण डोळे नसतात. चालकाचे डोळे तेच तिचे डोळे. ते बाजूला वळले, की मोटार आंधळी झाली. आणि आंधळी झाली तरी ती थांबत नाही, धावतच राहते!

किती धावते? आपण हिशेब शिकलो आहोत, तर करून बघू. फटफटी तासाला ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. खिशातला फोन वाजला. कोणाचा आहे ते बघायला तीन सेकंद गेले. तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे गेली. ५० मीटर म्हणजे आपली साठ-पासष्ट पावले. बैलगाडी तेवढ्या वेळात चार-पाच पावले जाते. आता मला सांगा, गाडीतळाच्या गर्दीतून कोणी डोळे मिटून साठ पावले पळेल का? नाही ना? मग फोन बघत गाडी चालवणारा दुसरे काय करतो?

कोणी म्हणेल, "मी फोन हातात धरत नाही. कानात बोंडं घालून बोलतो. डोळे रस्त्यावरच असतात." अहो, पण मन कुठे असते? घरात भांडण चालले आहे, सावकार पैसे मागतो आहे, मांजरीच्या बाजारात भाजीचा भाव पडला आहे. असले बोलणे कानात चालू असले, की डोळ्यांना दिसते पण मनाला कळत नाही. गाडी चालवायला हात, डोळे, कान आणि मन ही चारही लागतात. एक जरी दुसरीकडे गेले, तरी काम बिघडते. एक ना धड, भाराभर चिंध्या!

ट्रॅक्टरवाल्या भावांनाही एक सांगायचे आहे. मोठ्या आवाजात गाणी लावून ट्रॉल्या ओढणारे तुम्ही पाहिले असतील. मागच्याने हॉर्न दिला तर त्यांना ऐकू येत नाही. ट्रॉली सुटू लागली, तरी कळत नाही. भरलेली ट्रॉली चटकन थांबतही नाही. गाणी घरी ऐका. आणि ट्रॉलीच्या मागे चमकणारी पट्टी लावा, म्हणजे रात्री मागच्याला ती दिसेल.

आता घरच्या माणसांकडे वळू. धनी घरून निघाला, की थोड्याच वेळात फोन जातो, "कुठवर आलात?" काळजीपोटीच करतात, पण त्या फोनमुळेच घात होऊ शकतो. मायबहिणींनो, फोन केलाच, तर पहिला प्रश्न असा विचारा: "गाडी चालवताय का?" हो म्हणाले, की लगेच फोन ठेवा. आणि चालकाने काय करावे? निघण्याआधी फोन बंद करून पिशवीत ठेवावा. अगदी नड असली, तर गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभी करावी आणि मग बोलावे.

दुसरी गोष्ट शिकण्याची. "गाडी चालवायला शिकायचं काय? चार दिवस बसलो की येते," असे पुष्कळ जण म्हणतात. गाडी पळवता येते, हे खरे. पण चालवायला शिकावे लागते. आपण अक्षरे शिकलो, तशी रस्त्यालाही अक्षरे आहेत. तीन कोनांची पाटी म्हणजे 'सांभाळा'. पुढे वळण आहे, शाळा आहे किंवा घाट आहे. गोल पाटी म्हणजे हुकूम. अमुक करा, तमुक करू नका. चौकोनी पाटी माहिती देते. दवाखाना कुठे आहे, गाव किती लांब आहे. ज्याला ही पाटी वाचता येत नाही, तो रस्त्यावर निरक्षरच.

मालमोटार चालवण्याच्या परवान्याला पूर्वी आठवीपर्यंतचे शिक्षण लागत असे. ती अट २०१९ साली निघाली. गरिबाला रोजगाराची वाट मोकळी झाली, हे चांगलेच झाले. पण आता नीट शिकण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक आली आहे.

आधी शिकाऊ परवाना काढावा. तो सहा महिने चालतो. त्यासाठी रस्त्याच्या नियमांची परीक्षा असते. शिकताना शेजारी जाणता, परवानेवाला माणूस हवा. निदान तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. पुण्यात संगम पुलाजवळ आरटीओचे कचेरीघर आहे, तिथे चौकशी करावी. मध्यस्थाला पैसे देऊन परवाना हातात येईल, पण हाताला गाडी येणार नाही.

अठरा वर्षांखालील पोराच्या हाती मोटार किंवा मोठी फटफटी देऊ नका. २०१९ च्या कायद्याने अशा वेळी आईबापाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फोन हातात धरून गाडी चालवली, तर कायद्यात पहिल्या वेळी एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा कैद सांगितली आहे.

पण दंडाच्या भीतीने शहाणे होऊ नका. दंड भरून माणूस सुटतो. गेलेला जीव पावती फाडून परत येत नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे दर तासाला एकोणीस. आपण इथे जेवढा वेळ बसलो आहोत, तेवढ्यात कुठल्या तरी घरी रडारड सुरू झाली असेल.

तर मंडळी, उद्या सकाळी घरात ज्याच्या हाती गाडीची किल्ली असेल, त्याला हे वाचून दाखवा. पोरगा असो, भाऊ असो, धनी असो. आणि त्याचा फोन आधी पिशवीत ठेवायला लावा.