शाळा सुटल्यावर कुठे जायचे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मुलाला शाळेतून काढून घरी शिकविण्याचा आमचा अनुभव मी सांगावा, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. वसईकडील एका कॅथलिक शेतकरी कुटुंबातील मुलगी, लग्नापूर्वी तीन वर्षे शिक्षिका आणि पुढे यजमानांच्या नोकरीमागे गावोगाव फिरलेली गृहिणी, एवढाच माझा अधिकार.

पोलाद कारखान्यांच्या उभारणीचे काम म्हटले की बदल्या आल्याच. भिलाई, राउरकेला आणि मग हे विशाखापट्टणम. मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत त्याच्या तीन शाळा झाल्या. भिलाईस हिंदी, राउरकेल्यास ओडिया, येथे तेलुगू. नवी लिपी हाताला वळते न वळते तोच सामान आवरायचे. 2003 साली ऐन सत्राच्या मध्यावर आम्ही येथे आलो आणि मुलगा वर्गात बोलेनासा झाला.

त्याहून जिव्हारी लागले ते निराळेच. त्या नाताळात वसईला गेलो असता, संध्याकाळी घरात जपमाळ सुरू झाली. आजीने कौतुकाने नातवाला पुढे बसविले. त्याला मराठीतून प्रार्थना येईना. तो चाचरत इंग्रजीत म्हणू लागला. आजी रागावली नाही. तिने त्याच्या हातातील माळ हळूच आपल्या हाती घेतली आणि उरलेली प्रार्थना स्वतःच पूर्ण केली. परतीच्या प्रवासात आम्हां दोघांनाही झोप लागली नाही. जून 2004 पासून मुलाला घरीच शिकवावयाचे, असे आम्ही ठरविले.

चर्चमधील मंडळींना नवल वाटले. देशभर शाळा चालविणारा आपला समाज, आणि त्यातल्या मुलाने घरी बसावे? मीही अशाच एका शाळेत शिकलेली, त्यामुळे मलाही ते टोचत होते. अखेर एका धर्मगुरूंनीच मला द्वितीय व्हॅटिकन परिषदेचा 1965 सालचा शिक्षणविषयक जाहीरनामा दाखविला. मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आईबापच होत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मात्र या कामी कुटुंबाला साऱ्या समाजाचे साहाय्य हवे, असेही तेथेच सांगितले आहे, याकडे त्यांनी माझे लक्ष वेधले. मी पहिली गोष्ट उत्साहाने मनात धरली, दुसरी विसरले.

आमची शाळा थाटात सुरू झाली. सकाळी प्रार्थना, मग गणित आणि इंग्रजी, दुपारी इतिहास-भूगोल, संध्याकाळी मराठी. शुभवर्तमानातील एखादा दाखला त्याने मोठ्याने वाचावयाचा आणि मग आपल्या शब्दांत सांगावयाचा. सांगताना प्रमाण मराठी आणि आमची सामवेदी बोली यांची गंमतीदार मिसळ होई. मी ती होऊ देई. एकदा फादर थॉमस स्टीफन्स यांची गोष्ट निघाली. हे इंग्रज धर्मगुरू 1579 साली गोव्यात आले आणि 1616 साली त्यांचे ओवीबद्ध मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. मुलाने विचारले, “त्यांना मराठी कोणी शिकवलं?” मी म्हटले, “इथल्या माणसांनीच.” माझ्याच उत्तराचा अर्थ मला तेव्हा उमगला नाही.

कारण हळूहळू घरातले वातावरण बदलू लागले होते. भागाकार चुकला म्हणून बोलणारी मीच आणि ताटात भात वाढणारीही मीच. सकाळची चूक मी जेवताना काढी, रात्री निजतानाही काढी. एके दुपारी संतापून मी त्याच्या वहीचे पान टरकावले. तो रडला नाही. खाली पाहत म्हणाला, “आई, शाळा सुटली की मुलं घरी जातात. मी कुठे जाऊ?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. घराची शाळा करण्याच्या नादात मी मुलाचे घर हिरावून घेतले होते.

त्याच शनिवारी मी त्याला या मंडळात घेऊन आले. येथील ग्रंथालयात त्याला कोपरा मिळाला. एका निवृत्त अभियंत्यांनी त्याचे गणित आपल्याकडे घेतले. माझ्यापाशी न सुटलेला भागाकार त्यांच्यापाशी आठवड्याभरात सुटला. गणेशोत्सवातील नाटकात तो मावळा झाला आणि नाताळात तीच मित्रमंडळी आमच्या घरी गव्हाणीचा देखावा उभारावयास आली. तेलुगू तो शेजारच्या मुलांबरोबर क्रिकेट खेळताना शिकला. घरात एकच नियम केला: चार वाजल्यानंतर वही उघडावयाची नाही.

1989 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची माध्यमिक परीक्षा चौदा वर्षांवरील मुलांना घरी अभ्यास करून देता येते, आणि तीत मराठी हा विषयही घेता येतो. 2009 साली त्याने ती मराठी घेऊन दिली. पुढच्याच वर्षी आजी अंथरुणाला खिळली. तिच्या उशाशी बसून त्याने मराठीतून अखंड जपमाळ म्हटली. तिला कितपत ऐकू गेले कोण जाणे. पण तिची बोटे एकेक मणी पुढे सरकवीत होती.

आपण सर्वांनी असेच करावे, असे मात्र मी सांगणार नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. शेजारच्या शाळेचा विचार करणाऱ्या त्या कायद्यात घरच्या शिक्षणाची तरतूद नाही, हे आजच्या आईबापांनी ध्यानी घ्यावे. शिवाय आमच्या धाकट्या कन्येला आम्ही शाळेतच घातले. तोवर बदल्या थांबल्या होत्या. संध्याकाळचा मराठीचा तास तेवढा तिच्यासाठीही चालू ठेवला, आणि आज तिचे मराठी भावाच्या मराठीहून तसूभरही उणे नाही.

तेव्हा शाळा असो वा नसो, तो एक तास आपल्या घरी राखा. आपली जी प्रार्थना असेल, ती आपल्या भाषेत मुलांच्या कानी पडू द्या. त्या तासाला परीक्षा नको, गुण नकोत, आणि आईचा राग तर नकोच. उरलेले शिकविण्यासाठी या मंडळाचे दार पन्नास वर्षे उघडे आहे. माझ्या मुलासाठी ते उघडले.