‘तेव्हाच का नाही बोलली?’



या वसंत व्याख्यानमालेत मोठमोठे विद्वान बोलून गेले. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा दहावीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या भानगडीत आम्ही कशाला पडतो, असे कोणास वाटले तर त्यात गैर नाही. पण आम्हाला बोलायचे आहे ते नोकरी करणाऱ्या एका बाईविषयी, आणि तिचे म्हणणे ऐकून लोक जे बोलले त्याविषयी. नोकरी हा मात्र आमचा विषय खरा.

हकीकत १९९१ सालची. थर्गुड मार्शल हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले पहिले काळे न्यायमूर्ती. त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि अध्यक्ष बुश यांनी त्या जागी क्लॅरन्स थॉमस यांचे नाव सुचविले. थॉमस हेही काळे, जॉर्जिया राज्यातल्या गरिबीतून वर आलेले, वय त्रेचाळीस. पण विचारांनी मार्शल यांच्या अगदी दुसऱ्या टोकाचे. तिकडच्या कामगार महासंघाचा त्यांना विरोध होता, आणि काळ्या लोकांच्या सर्वांत जुन्या नावाजलेल्या संघटनेचाही होता. त्या देशात अशा नेमणुकीला सिनेटची संमती लागते. सिनेटच्या न्यायविषयक समितीत मते पडली सात विरुद्ध सात. तरीही नेमणूक पार पडणार असा रंग दिसत असताना ६ ऑक्टोबरला बातमी फुटली. ओक्लाहोमा विद्यापीठात कायदा शिकविणाऱ्या अनिता हिल यांनी समितीला कळविले होते की, दहा वर्षांपूर्वी आपण थॉमस यांच्या हाताखाली काम करीत असताना ते आपल्याशी अश्लील बोलत, बाहेर भेटण्याचा आग्रह धरीत.

हिल याही काळ्याच. शेतकऱ्याच्या घरातल्या, तेरा भावंडांतल्या शेंडेफळ. आणि ज्या कचेरीत हे घडले असे त्या म्हणाल्या त्यांतली दुसरी कचेरी कोणती? नोकरीत कोणावर भेदभाव झाला तर त्याची तक्रार ऐकणारा जो सरकारी आयोग, तोच! थॉमस त्याचे प्रमुख. आता गाऱ्हाणे न्यायचे कोणाकडे? फौजदाराविरुद्धची फिर्याद त्याच फौजदाराने लिहून घ्यायची, त्यातला प्रकार.

११ ऑक्टोबरपासून जाहीर चौकशी झाली. समितीत चौदा सभासद, चौदाही पुरुष आणि चौदाही गोरे. शंभर जणांच्या सिनेटमध्ये तेव्हा बाया होत्या दोन. हिल यांनी शांतपणे, एकेक लाजिरवाणी गोष्ट देशासमोर सांगितली. थॉमस यांनी सगळे साफ नाकारले. १५ ऑक्टोबरला ५२ विरुद्ध ४८ मतांनी नेमणूक मंजूर झाली.

सिनेटचे सोडून द्या. ते राजकारणी लोक, पक्षाप्रमाणे हात वर करतात. आम्हाला विचार करायला लावते ते लोकमत. त्या आठवड्यातल्या चाचण्यांत थॉमस खरे म्हणणारे लोक हिल खऱ्या म्हणणाऱ्यांच्या दुप्पट होते. दुपटीच्या मुळाशी प्रश्न एकच, आणि तो बायकाही विचारीत होत्या: तेव्हाच का नाही बोलली? साहेबाने बदली घेतली तर त्याच्यामागोमाग दुसऱ्या कचेरीत कशी गेली? नोकरी सोडल्यावरही त्याला फोन कसे केले?

या प्रश्नाचे उत्तर पगारपत्रकात असते. पहिली कचेरी शिक्षणखात्यातली. आणि ते खातेच मोडीत काढण्याच्या गोष्टी रेगन सरकार करीत होते. राहावे तर कपातीची टांगती तलवार, जावे तर त्याच साहेबाबरोबर. मधल्या काळात त्रास थांबला होता, तेव्हा आता तो संपला असे वाटून आपण गेलो, असे हिल यांनी शपथेवर सांगितले. पुढच्या नोकरीला शिफारस लागते ती कोणाची? मागच्या साहेबाचीच. आमच्याकडे हंगामी कामावरच्या बायका मुकादमाला सकाळी हसून नमस्कार करतात. ते हसणे त्याच्या वागण्याचा दाखला म्हणून कोणी पुढे केले तर त्याला मस्टर कसे भरते हे ठाऊक नाही एवढेच आम्ही म्हणू. कायद्याचे म्हणाल तर अशी छळवणूक हा भेदभावच आहे असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रथम म्हटले ते १९८६ साली, एका बँकेतल्या कारकून बाईच्या दाव्यात. हिल यांची ती नोकरी सुटून तोवर तीन वर्षे झाली होती.

शिवाय ‘तेव्हाच का नाही बोलली’ हा प्रश्न मुळातच चुकीचा. ती बोलली होती! चार साक्षीदारांनी येऊन सांगितले की, हे तिने आम्हाला पूर्वीच, नेमणुकीची वार्ताही नव्हती तेव्हा, सांगितले होते. ती बोलली मैत्रिणीशी, परिचिताशी. माणूस प्रथम तेथेच बोलतो. पण ती साक्ष झाली रविवारी, आणि तोवर पुष्कळांचे मत ठरून गेले होते. उलट थॉमस यांच्या बाजूने कितीतरी बाया आल्या: आमच्याशी ते कधी वावगे वागले नाहीत. त्या खरेच सांगत असतील. नव्वद जणींशी साहेब सभ्य वागला यावरून एक्याण्णवावीविषयी काय कळते? अँजेला राइट म्हणून आणखी एक बाई, त्यांच्याच हाताखाली काम केलेली, सांगायला तयार होती. तिला समितीपुढे बोलावलेच नाही. तिचे म्हणणे नुसते कागदावर नोंदले.

येथे कोणी आम्हाला अडवील आणि म्हणेल, तुम्ही युनियनवाले, उद्या कामगारावर कोणी आरोप केला तर असेच बोलाल काय? रास्त प्रश्न आहे. आमचे अर्धे आयुष्य खातेचौकशीत आरोपी कामगाराच्या बाजूने बसण्यात गेले आहे. व्यवस्थापन नको असलेल्या माणसावर काय काय लादते ते आम्ही पाहिले आहे, आणि म्हणूनच आरोपपत्र, साक्ष, उलटतपासणी यांवाचून कोणाची भाकर काढून घेऊ नये याबद्दल आम्ही हट्टी आहोत. पण थॉमस यांची भाकर कोणी काढून घेत नव्हते. ते वरिष्ठ न्यायाधीश होतेच; प्रश्न होता त्याहून उंच आसनावर जन्मभरासाठी बसविण्याचा. लोकांनी फौजदारी खटल्याची फूटपट्टी नेमणुकीला लावली: गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष. तुरुंगासाठी ती योग्यच आहे. चार दिवसांत उरकलेली, साक्षीदार बाहेर ठेवणारी चौकशी मात्र दोघांनाही न्याय देणारी नव्हे. आम्ही तेथे नव्हतो, खोलीत काय घडले ते आम्ही सांगू शकत नाही. अशी चौकशी आमच्या कारखान्यात झाली असती तर दोन्ही बाजूंनी आम्ही ती नाकारली असती, एवढे सांगू शकतो.

आणखी एका गोष्टीवर थोडे थांबले पाहिजे. थॉमस समितीपुढे म्हणाले की, हा सारा प्रकार म्हणजे वर डोके काढणाऱ्या काळ्या माणसाचे नव्या यंत्रयुगातले लिंचिंग आहे. लिंचिंग म्हणजे जमावाने काळ्या माणसाला धरून झाडाला टांगणे. अमेरिकेच्या इतिहासातला भळभळता व्रण. तो शब्द ऐकून चौदा गोऱ्यांच्या माना खाली गेल्या आणि काळ्या लोकांपैकीही पुष्कळ जण थॉमस यांच्यामागे उभे राहिले. मग अनिता हिल कोण होती? तीही त्याच रक्ताची. पण आपल्यातल्या माणसाची घरची धुणी गोऱ्यांच्या चव्हाट्यावर धुतली, हा तिचा अपराध ठरला. हे आम्हाला परके वाटत नाही. जातीची अब्रू, घराण्याची अब्रू, आणि सांगायला लाज वाटते, पण चळवळीची अब्रू, ही नेहमी बाईनेच गप्प बसून राखायची असते.

त्याला उत्तर काळ्या बायकांनीच दिले. १७ नोव्हेंबर १९९१ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये १,६०३ काळ्या स्त्रियांच्या सह्यांचे निवेदन जाहिरात म्हणून छापून आले. पैसे त्यांनीच वर्गणी काढून जमविले. वर्गणी गोळा करणे किती कठीण, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक!

आणि लोकमत? एका वर्षात ते फिरले. १९९२ च्या चाचण्यांत हिल यांच्यावर विश्वास ठेवणारे लोक थॉमस यांच्या बरोबरीला आले, काही ठिकाणी पुढेही गेले. नवा पुरावा काही मोठा आला नव्हता. आमची समजूत अशी की, त्या वर्षात बायका आपापल्या कचेरीत, घरी जेवणाच्या टेबलाशी स्वतःच्या गोष्टी सांगू लागल्या, आणि हिल यांची गोष्ट तेव्हा लोकांना ओळखीची वाटू लागली. तक्रार ऐकणाऱ्या त्याच आयोगाकडे अशा अर्जांची संख्या वर्षभरात सुमारे दीडपट झाली. निवडणुकीत चार नव्या बाया सिनेटमध्ये गेल्या. त्यांतल्या इलिनॉयच्या कॅरल मोझली ब्राऊन या सिनेटवरच्या पहिल्या काळ्या स्त्री. थॉमस यांना मत देणाऱ्या स्वपक्षीय सिनेटरला पक्षांतर्गत निवडणुकीत हरवून त्या पुढे आल्या होत्या.

सत्तावीस वर्षांनी, २०१८ च्या सप्टेंबरात, ब्रेट कॅव्हनॉ यांच्या नेमणुकीच्या वेळी क्रिस्टिन ब्लेझी फोर्ड या प्राध्यापिकेने शाळकरी वयातला प्रसंग सांगितला. कॅव्हनॉ यांनीही सर्व नाकारले, आणि ५० विरुद्ध ४८ मतांनी तेही न्यायासनावर गेले. प्रश्न तोच निघाला: तेव्हाच का नाही बोलली? फरक एवढाच की, या वेळी हजारो बायकांनी आपण का बोललो नाही ते आपापल्या नावानिशी लिहिले, आणि १,६०० पुरुषांनी जुन्या निवेदनाची आठवण ठेवून त्याच वृत्तपत्रात पानभर जाहिरात दिली.

आमच्या दृष्टीने त्या महिन्यातली मोठी बातमी वेगळीच होती, आणि ती फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही. १८ सप्टेंबर २०१८ रोजी, फोर्डबाईंचे नाव जाहीर झाल्यानंतर दोनच दिवसांनी, अमेरिकेतल्या दहा शहरांत मॅकडॉनल्डच्या उपाहारगृहांतल्या कामगारांनी अंगलट करणाऱ्या वरिष्ठांविरुद्ध काम बंद ठेवले. तळणीवर आणि गल्ल्यावर उभ्या राहणाऱ्या बाया त्या. त्यांच्यामागे विद्यापीठ नाही, सिनेट नाही. त्यांच्या मागण्यांत एक मागणी अशी होती की, या प्रश्नावर जी समिती नेमाल तिच्यात आम्ही कामगार बसणार.