फडकं कोणाच्या हातात, किल्ली कोणाच्या?

(भूगाव, ता. मुळशी येथे स्त्री-गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



फळ्यावरचा विषय वाचून काहीजणी हसलात, ते मी पाहिलं. 'घरच्या गाडीची निगा.' हुंडा, पोटगी, दारू, सातबारा असे विषय सोडून ही बाई गाडी धुण्यावर काय बोलणार, असं वाटलं असेल. पण एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी बायकांच्या अडचणी ऐकण्याचं आणि त्या कागदावर उतरवण्याचं काम करते. त्या कागदांत गाडी वारंवार येते. कधी ती माहेरून मागितलेली असते, कधी बाईच्या नावावर कर्ज काढून घेतलेली असते, कधी नवरा गेल्यावर दारात नुसती उभी असते. म्हणून आज गाडीपासूनच सुरुवात करू.

आपलं भूगाव बघा. चांदणी चौक ओलांडला की थोड्याच वेळात आपण इथे येतो. पौड रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि शेतांचे प्लॉट झाले. चांदणी चौकाचा जुना पूल २०२२च्या ऑक्टोबरात पाडला, २०२३च्या ऑगस्टमध्ये नवा सुरू झाला. रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या. आता कोणत्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी सहाला जाऊन उभ्या राहा. तिथे बादली आणि फडकं घेतलेली एखादी बाई दिसेल. आठ वाजता किल्ली फिरवत कोण येतं, तेही बघा. मग घरी जाऊन स्वतःला चार प्रश्न विचारा. गाडीच्या आतला केर कोण काढतं? ताम्हिणीच्या वळणांवर पोराला उलटी झाली, तर सीट कोण धुतं? गाडी चालवतं कोण? आणि कागद कोणाच्या नावावर आहेत?

आतली सफाई घरकामात धरली जाते, म्हणून ती कोणी मोजत नाही. रविवारी नवऱ्याने पाईप धरून बाहेरून गाडी धुतली की मात्र 'गाडीची फार काळजी घेतो हो' असं सगळे म्हणतात. बॉनेटखालचं काम तर पुरुषांचंच, असं आपणही धरून चाललोय.

हे कुठून आलं? गाडीचा इतिहास काही वेगळंच सांगतो. १८८६ साली जर्मनीत कार्ल बेंझ यांनी मोटारगाडीचं पेटंट घेतलं. त्यांच्या उद्योगाला बायकोच्या, बर्थाच्या, हुंड्याच्या पैशांचा आधार होता, पण पेटंट नवऱ्याच्या नावावर झालं. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ती गाडी मानहाइमहून फोर्त्सहाइमला घेऊन गेली. हा सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्याला चामडं लावून घेतलं. म्हणजे गाडीने पहिला लांबचा प्रवास केला तोच एका बाईच्या हातून, आणि वाटेतली दुरुस्तीही तिनेच केली. पावसात आपण ज्याच्या जिवावर गाडी चालवतो त्या वायपरचं पेटंट १९०३ साली अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईंनी घेतलं होतं.

लांब कशाला जायचं? पुण्याच्या टेल्को कारखान्यात १९७४च्या सुमाराला मुलींनी अर्ज करू नये अशी जाहिरात निघाली. सुधा कुलकर्णी या मुलीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि ती नोकरी मिळवली. त्याच आज सुधा मूर्ती. १९८८ साली शीला डावरे पुण्याच्या रस्त्यावर रिक्षा चालवू लागल्या. तेव्हा 'बाईला यंत्रातलं कळत नाही' हे वाक्य आपण तरी आता बोलायचं नाही.

आता कामाचं बोलू. आधी धुणं.

गाडी उन्हात धुवू नका. पत्रा तापलेला असला की साबण त्यावरच वाळतो आणि डाग राहतात. कोरड्या फडक्याने धूळ पुसू नका. आपल्याकडे बांधकामांची धूळ आहे, तिच्यात बारीक खडी असते. कोरडं फडकं फिरवलं की ती रंगावर ओरखडे काढते. आधी पाण्याने धूळ सुटू द्या. दोन बादल्या घ्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. वरून सुरुवात करून खाली या. चाकं शेवटी धुवा आणि त्यांचं फडकं वेगळं ठेवा. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नका, त्याने रंगावरचं मेण निघून जातं. पक्ष्यांची विष्ठा दिसली की त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून काढा, ती रंग खाते. पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं साचतात, ती पावसाळ्याआधी हाताने काढा. नाहीतर पाणी तुंबून आत उतरतं. पावसाळ्यात घाटातून आलात की चाकांच्या वरचा आणि गाडीच्या पोटाखालचा चिखल धुवून टाका. तो ओला राहिला की गंज तिथूनच सुरू होतो. पायाखालच्या चटया बाहेर काढून पूर्ण वाळवा, म्हणजे गाडीला कुबट वास येणार नाही.

पाण्याचा हिशेबही करा. उन्हाळ्यात आपल्या भागात टँकर येतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. पंधरा लिटरची बादली एका मिनिटात भरणारा पाईप दहा मिनिटं सोडला, तर १५० लिटर पाणी जातं. दोन बादल्यांत ३० लिटर लागतं. चाळीस गाड्यांची सोसायटी आठवड्यातून एकदाच गाड्या धूत असेल, तर पाईपने ६,००० लिटर लागतील आणि बादलीने १,२००. वाचलेलं ४,८०० लिटर म्हणजे दहा हजार लिटरचा जवळजवळ अर्धा टँकर. हे गणित सोसायटीच्या सभेत मांडा. पाण्यासाठी हंडे कोण भरतं, हे सभेतल्या पुरुषांनाही माहीत असतं.

आता बॉनेट उघडू. हा खटका चालकाच्या सीटजवळ खाली असतो. भिऊ नका. इंजिन बंद आणि थंड असलं की इथे हात भाजायचं कारण नाही. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं पुरतात.

पहिलं ऑइल. गाडी सपाट जागी उभी करा. ऑइलची पट्टी बाहेर काढा, पुसा, पुन्हा आत घाला आणि काढून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. दुसरं कूलंट. त्याची पांढरट डबी असते, तिच्यावरही दोन खुणा असतात. इंजिन गरम असताना झाकण कधीही उघडू नका. वाफ आणि उकळतं पाणी तोंडावर उडतं. तिसरी बॅटरी. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर गॅरेजमध्ये साफ करून घ्या. चौथं टायर. हवा टायर थंड असताना भरायची. किती भरायची, ते चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, त्यासाठी पंपावरच्या पोराला विचारायला नको. टायरच्या नक्षीत लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर गोटा झाला असं समजा. कायद्याने कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल लागते. स्टेपनीतली हवाही बघा, तिची आठवण पंक्चर झाल्यावरच होते. पाचवं, शेताशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, ते बघा. विजेच्या गाडीत ऑइलची पट्टी नसते. सीएनजी असेल तर टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिची तारीख लिहून ठेवा.

समोरच्या दिव्यांपैकी दोन लाल दिवे ओळखून ठेवा, तेलाच्या झारीचा आणि तापमापकाचा. यातला एक जरी चालत्या गाडीत पेटला तर रस्त्याच्या कडेला थांबा आणि इंजिन बंद करा. 'घरी जाऊन बघू' म्हणालात तर खर्च हजारांवरून लाखावर जाईल.

हे सगळं मी का सांगते? गॅरेजवाला 'ताई, साहेबांना पाठवा' म्हणतो तेव्हा 'मला सांगा, मी बघितलंय' असं म्हणता आलं पाहिजे. जुना सुटा भाग परत मागता आला पाहिजे. बिल वाचता आलं पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बॉनेटखाली आपण बघितलं, तसं कागदांच्या कप्प्यातही बघायचं.

आरसी कोणाच्या नावावर आहे? पुष्कळ घरांत कर्जाच्या सोयीसाठी गाडी बाईच्या नावावर घेतात, चालवतो मात्र दुसराच. अशा बाईला तिची जबाबदारी माहीत असायला हवी. गाडी तिच्या मालकीची, तेव्हा कर्जाचा हप्ता थकला तर बँक तिच्याकडे येते. विमा नसताना अपघात झाला तर भरपाईचा बोजा तिच्यावर येतो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनुसार, अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. म्हणून सोळा वर्षांच्या लेकाच्या हातात किल्ली देण्याच्या वेळी घरात 'नाही' म्हणायचा अधिकार तुम्हाला हवा. आणखी एक. विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं, पण त्यासाठी मालकाकडे लायसन लागतं. गाडी नावावर असून लायसन नसेल, तर ते संरक्षण आपल्या उपयोगाचं नाही.

दुसरी गोष्ट लग्नातल्या गाडीची. २०२५च्या मे महिन्यात इथून शेजारी, भूकुममध्ये, एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. लग्नात दिलेल्या महागड्या गाडीची चर्चा तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. ते प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर मी बोलणार नाही. कायदा काय म्हणतो, तेवढंच सांगते. हुंडा मागणं, देणं आणि घेणं हे तिन्ही १९६१च्या कायद्याने गुन्हे आहेत. तरीही हुंडा म्हणून काही दिलं गेलंच, तर दुसऱ्या कोणी घेतलेली ती वस्तू तीन महिन्यांच्या आत त्या मुलीच्या स्वाधीन करावी लागते. गाडी जावयाच्या नावावर करून देणारे आईबाप पोरीला काहीच देत नाहीत. लग्नाच्या बैठकीत कोणी 'गाडी तेवढी चांगली द्या' म्हणालं, तर तिथेच उठायला शिका. मुलीला द्यायचंच असेल तर शिक्षण द्या, लायसन द्या, तिच्या नावावर खातं उघडा.

तिसरी गोष्ट नवरा गेलेल्या बाईची. गाडी दारात उभी असते, दीर 'मी वापरतो' म्हणून घेऊन जातो, आणि पुढे ती परत येत नाही. तेव्हा लक्षात ठेवा. मालक वारला तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत ३१ नंबरच्या फॉर्मवर नाव बदलायला अर्ज करायचा. २०२१पासून आरसीवर वारसदाराचं नाव आधीच नोंदवता येतं. गाडी नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याच्या हयातीतच ही नोंद करून घ्या. आणि तोवर किल्ली, आरसी, विम्याचा कागद आणि पीयूसी आपल्या कपाटात ठेवा.

चौथी गोष्ट किल्ली काढून घेण्याची. 'बाहेर जायचं नाही' असं तोंडाने न सांगता गाडीची किल्ली लपवतात, पेट्रोलला पैसे देत नाहीत. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळाचाही समावेश आहे. घरातल्या नात्यामुळे ज्या वस्तू आणि सोयी वापरण्याचा बाईला हक्क आहे, त्या वापरू न देणं हेही त्यात येतं. कोर्ट काय ठरवेल ते त्या त्या प्रकरणावर अवलंबून राहील. पण आपण तक्रार लिहून घेताना 'किल्ली काढून घेतली' हे वाक्य गाळायचं नाही. मारहाण लिहितो, तसंच हेही तारखेसकट लिहायचं.

शेवटी पुन्हा पहाटेच्या त्या बाईकडे जाऊ. ती दहा-बारा गाड्या पुसते. हिवाळ्यात तिचे हात फाटतात, पावडरने बोटांना चिरा पडतात. तिच्या सुट्टीचा आणि पगारवाढीचा करार कुठेच नसतो. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. पगार वाढवून मागितला, रजा मागितली, आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. तो असाच कोणीतरी मागितला म्हणून झाला. आपल्या सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या बायकांना विचारा. दर गाडीमागे किती मिळतात? महिन्याला चार सुट्ट्या मिळतात का? रबरी हातमोजे कोण देतं? आपली गाडी चकचकीत राहावी म्हणून दुसऱ्या बाईचे हात फाटणार असतील, तर आपण कोणत्या तोंडाने समतेवर बोलायचं?

पुढच्या बैठकीपर्यंत तीन कामं करून या. प्रत्येकीने घरच्या किंवा शेजारच्या गाडीची आरसी वाचून मालकाचं नाव, विम्याची आणि पीयूसीची तारीख वहीत लिहायची. एकदा तरी स्वतः बॉनेट उघडून ऑइलची पट्टी बघायची. आणि गाड्या पुसणाऱ्या एका तरी बाईला आपल्या पुढच्या बैठकीला घेऊन यायचं. तिच्या कामाचा दर काय असावा, ते तिच्याकडूनच ऐकू. ज्यांना लायसन काढायचं आहे त्यांनी जाताना माझ्याकडे नाव द्या. पाचजणी झाल्या की शिकाऊ लायसनची तयारी आपण एकत्रच सुरू करू.