चार्जिंगचं काही आहे का?

सहारच्या विमानतळावरच्या मालशेडपासून न्हावाशेव्याच्या यार्डापर्यंत, सातारा-कोल्हापूरच्या कुरिअर काउंटरपासून भोसरीच्या पॅकिंग युनिटपर्यंत ठिकठिकाणांहून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

अध्यक्षानं आपल्या मालवाहतुकीच्या धंद्याच्या सगळ्या बाजूंचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. पण भाडी, इंधन अधिभार, बंदरातली गर्दी यांवर या दोन दिवसांत स्वतंत्र सत्रं आहेत आणि तिथे माझ्यापेक्षा जाणकार मंडळी बोलणार आहेत. मी एकाच गोष्टीवर बोलेन. लिथियम बॅटरीची वस्तू परदेशी पाठवायला माणूस आपल्यासमोर उभा राहतो, तेव्हा आपण त्याला काय विचारतो, एवढ्यावरच.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस. तुम्हाला ते दिवस माहीत आहेत: गोदामात पाय ठेवायला जागा नसते आणि सगळीकडे तळणाचा वास असतो. डब्लिनला जाणारं एक खोकं स्क्रीनिंगवरून परत आलं. चकली, चिवडा, अनारसे आणि बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. एक्स-रेवर त्या डब्यात काहीतरी चौकोनी दिसत होतं. आम्ही डबा उघडला. लाडवांच्या दोन थरांखाली, बटर पेपरमध्ये नीट गुंडाळून, वर रबर लावून, दहा हजार एमएएचची पॉवरबँक ठेवलेली. फॉर्मवर मात्र ‘बॅटरी: नाही’ अशी खूण होती.

खोकं साताऱ्याजवळच्या एका काकूंचं. मुलगी तिकडे शिकायला गेलेली. मी स्वतः फोन केला.

“काकू, आमच्या काउंटरवरच्या मुलानं विचारलं होतं ना, बॅटरी आहे का म्हणून?”

“विचारलं की. मी म्हटलं, बॅटरी कशाला पाठवू? तिथं काय आपल्यासारखी लाइट जाते का?”

“आणि ती पॉवरबँक?”

“ती होय? ती फोनला लावायची. ती कुठं बॅटरी?”

लाडवांत का ठेवली, असं विचारल्यावर म्हणाल्या, प्रवासात आपटू नये म्हणून.

त्या बाई एक अक्षरही खोटं बोलल्या नव्हत्या. आपल्या गावाकडे बॅटरी म्हणजे रात्री शेतात जाताना हातात घ्यायची ती. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, बोलताना कुणी म्हणत नाही. तिच्यात घालायचे ते सेल. आणि दुसरी बॅटरी ट्रॅक्टरची, पाणी भरायची, दोन हातांनी उचलायची. मोबाईलला चार्जिंग असतं. पॉवरबँक म्हणजे पॉवरबँक. आमच्या मुलानं इंग्रजी फॉर्मवरचा प्रश्न होता तसा उचलून मराठीत विचारला. काकूंनी आपल्या मराठीत त्याचं बरोबर उत्तर दिलं. आणि त्या दोन मराठींच्या मधून पॉवरबँक थेट सहारपर्यंत गेली.

त्यात पॉवरबँक ही नियमाच्या दृष्टीनं उपकरणसुद्धा नाही. ती नुसती बॅटरी आहे, धोकादायक मालाच्या यादीत यूएन ३४८०. एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटरीचा माल प्रवासी विमानाच्या पोटातून नेता येत नाही. मालवाहू विमानातून न्यायचा, तोही चार्ज ३० टक्के किंवा त्याहून खाली आणून. हीच पॉवरबँक मुलीनं जाताना खांद्यावरच्या पिशवीत नेली असती तर कुणी अडवलं नसतं. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी प्रवाशाला हातसामानात नेता येते, आणि दहा हजार एमएएच म्हणजे फक्त ३७ वॉट-तास. एमएएचला ३.७ व्होल्टनं गुणा, हजारानं भागा. हा हिशोब आपल्या काउंटरवरच्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ हवा. केबिनमध्ये धूर निघाला तर माणसं असतात, पाणी असतं. विमानाच्या पोटात कुणी नसतं. नियमातला हा फरक त्या एका गोष्टीवर उभा आहे.

एका पॉवरबँकेनं असं काय होतं, असं मला अनेक जण विचारतात. सेलच्या आत दोन पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा. खोकं आपटलं, पॅक चेपला, बनावट मुळातच कच्ची असली, किंवा दोन टोकं किल्लीला लागून शॉर्ट झाली, तर आतली उष्णता वाढत जाते. तो पडदा सव्वाशे-दीडशे अंशांच्या आसपास दगा देतो. आतलं द्रावण पेट घेणारं आहे आणि तापलेली पट्टी स्वतःच प्राणवायू सोडते. एका सेलची आच शेजारच्या सेलला लागते, त्याची तिसऱ्याला. विमानाच्या माल-कक्षातला हॅलॉन वायू ज्वाळा विझवतो, पण सेलमधून सेलमध्ये चाललेली ही आच त्याला थांबवता येत नाही. चार्ज ३० टक्के ठेवायचा तो यासाठीच: आत ऊर्जा कमी असली की पेटण्याची शक्यता कमी होते, आणि पेटलं तरी शेजारी पोचण्याची शक्यता कमी असते.

३ सप्टेंबर २०१० ला हाँगकाँगहून आलेलं यूपीएसचं मालवाहू ७४७ विमान दुबईहून कोलोनला निघालं. विमानात ८१ हजारांहून अधिक लिथियम बॅटऱ्या होत्या. उड्डाणानंतर सुमारे २२ मिनिटांनी आगीचा इशारा वाजला. वैमानिक दुबईकडे परत वळले. कॉकपिट धुरानं इतकं भरलं की समोरची यंत्रं दिसेनात. कॅप्टनचा ऑक्सिजन बंद पडला. सहवैमानिक एकटा उरला आणि रेडिओवरून दुसरी विमानं त्याला उंची आणि दिशा सांगत राहिली. दोघंही वाचले नाहीत. चौकशी अहवालातली एक ओळ मी आमच्या ऑफिसात छापून लावली आहे, तिचा आशय असा: या विमानात धोकादायक माल म्हणून जाहीर केलेली एकही खेप नव्हती, पण त्या वर्गात मोडणाऱ्या बॅटऱ्यांच्या किमान तीन खेपा होत्या. पुढच्याच वर्षी २८ जुलैला एशियानाचं मालवाहू विमान जेजू बेटाजवळ समुद्रात कोसळलं. त्यातही दोघं गेले, त्यातही लिथियम बॅटऱ्या होत्या.

समुद्रावरचं उदाहरण तर आपल्या दाराशी येणारं आहे. जानेवारी २०२० मध्ये ‘कॉस्को पॅसिफिक’ हे जहाज चीनमधल्या नान्शाहून आपल्या न्हावाशेव्याला येत होतं. अरबी समुद्रात एका कंटेनरला आग लागली आणि जहाज कोलंबोकडे वळवावं लागलं. आत लिथियम बॅटऱ्या होत्या. कागदावर लिहिलं होतं: सुटे भाग आणि ॲक्सेसरीज.

ॲक्सेसरीज. हा शब्द आपण सगळे रोज लिहितो. मीही लिहिला आहे, अनेक वर्षं. पार्टी घाईत असते, वर्णनाचा रकाना लहान असतो, आणि ‘इलेक्ट्रॉनिक ॲक्सेसरीज’ लिहिलं की कुणी काही विचारत नाही. तो शब्द सोयीचा आहे कारण त्यातून काहीच कळत नाही. जहाजावरच्या खलाशाला मात्र कळायला हवं असतं. कुठला कंटेनर पेटलाय आणि त्यावर काय मारायचं, हे तो आपल्या त्याच रकान्यावरून ठरवतो. माझी आपणा सर्वांना हात जोडून विनंती आहे की हा शब्द आपल्या कागदांवरून कायमचा जावा. ब्लूटूथ स्पीकर असेल तर ब्लूटूथ स्पीकर लिहा. बॅटरी आत बसवलेली असेल तर तसं लिहा.

आता आपल्याकडच्या छोट्या उत्पादकाविषयी, कारण त्याचं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलं आहे. भोसरीतले एक उद्योजक रुग्णाच्या खाटेशेजारी ठेवायचे मॉनिटर बनवतात. सेल चीनहून आणायचे, पॅक इथे आपल्याच शेडमध्ये जोडायचा. जर्मनीतल्या प्रदर्शनासाठी दोन नमुने पाठवायचे होते. त्यांच्याकडे सेलचा चाचणी अहवाल होता, भारतीय मानकाचं प्रमाणपत्रही होतं, फाइल व्यवस्थित होती. त्यांना वाटलं, झालं. पण वाहतुकीसाठी लागणारी यूएन ३८.३ ही सुरक्षा-चाचणी सेलची वेगळी आणि त्या सेलांपासून जोडलेल्या पॅकची वेगळी. पंधरा हजार मीटर उंचीवरचा विरळ दाब, ७२ अंश उष्णतेतून उणे ४० च्या थंडीत पुन्हा पुन्हा नेणं, कंपनं, धक्के, बाहेरून शॉर्ट करणं, गरजेपेक्षा जास्त चार्ज करणं, या सगळ्यातून पॅकलाही स्वतः जावं लागतं. त्याचा सारांश मागितल्यावर दाखवता आला पाहिजे, हे जानेवारी २०२० पासून बंधनकारक आहे. आपल्या मानकाचं प्रमाणपत्र देशातल्या विक्रीसाठी. ते याच्या जागी चालत नाही.

नमुने गेले नाहीत. प्रदर्शनात त्यांच्या टेबलावर नुसती माहितीपत्रकं होती. ते आमच्यावर चिडले नाहीत, म्हणाले, “साहेब, हे मला तीन महिने आधी कुणी सांगितलं असतं तर मी चाचणी करून घेतली असती.” त्यांना ते सांगणं आमचं काम होतं. आम्ही सांगितलं ते माल उचलायच्या दिवशी. कोटेशन देताना आम्ही वजन विचारलं, मापं विचारली, पिन कोड विचारला. पॅक कुठे जोडला, हे विचारलं नाही.

आणखी एक माल रोज येतो: दुरुस्तीला परत जाणारा. फोन फुगलाय, पाठीमागचं झाकण उचललं गेलंय, म्हणून गिऱ्हाईक तो परदेशातल्या कंपनीला परत पाठवायला आणतं. ज्या कारणासाठी तो फोन पाठवायचा, त्याच कारणानं तो विमानात चढवता येत नाही. खराब किंवा कंपनीनं परत मागवलेली, पेटण्याचा धोका असलेली बॅटरी विमानमालात चालतच नाही. काउंटरवर “दुरुस्तीसाठी” एवढं ऐकल्यावर आपला मुलगा थांबला पाहिजे. खोक्यावर लाल तिरप्या रेघांच्या चौकटीचं चिन्ह लावलं की काम झालं, असा समज मी अनुभवी माणसांतही पाहिला आहे. ते चिन्ह चांगल्या बॅटरीसाठी आहे.

नियम बदलत राहतात, हेही खरं. सुट्या बॅटरीची ३० टक्क्यांची अट १ जानेवारी २०२६ पासून उपकरणासोबत त्याच खोक्यात वेगळ्या ठेवलेल्या, २.७ वॉट-तासांहून मोठ्या बॅटरीलाही लागू झाली. यासाठी मुंबईच्या आपल्या मोठ्या फर्ममध्ये प्रशिक्षित माणसं आहेत. सांगली किंवा अकोल्यातल्या फ्रँचायझीवाल्याकडे इंग्रजीतलं एक पीडीएफ आहे, आणि तेही त्याच्या पुतण्याच्या मोबाईलमध्ये. नियमाचं कलम त्याला पाठ नसेल तर तो त्याचा दोष नाही. पण खोकं आधी त्याच्याच हातात येतं. टेप लावायच्या आधी खोकं उघडं असतं ते त्याच्याच टेबलावर. सहारच्या एक्स-रेवर जे मशीनला शोधावं लागतं, ते त्याला एका प्रश्नानं कळू शकतं.

तो प्रश्न आम्ही काकूंच्या खोक्यानंतर बदलला. ‘बॅटरी आहे का’ हा प्रश्न काढून टाकला. आता आमची मुलं विचारतात, “यात चार्जिंगला लावायचं काही आहे का?” त्याला जोडून, “सेल घालून चालणारं काही? खेळणं, घड्याळ, रिमोट, दिव्याची पणती?” पहिल्याच दिवाळीत फरक दिसला. फराळाच्या खोक्यांतून ट्रिमर निघाले, इलेक्ट्रॉनिक तानपुरा निघाला, सेलवर लुकलुकणाऱ्या पणत्यांची पाकिटं निघाली. बहुतेक वस्तू जाऊ शकत होत्या, काही नीट बांधून, काही नीट लिहून. ज्या जाऊ शकत नव्हत्या त्या माणसानं तिथेच हसत परत घेतल्या. पणत्यांमधले बटणासारखे सेल बहुतेक लिथियम धातूचे असतात, हे तोवर आमच्यातल्याही निम्म्यांना माहीत नव्हतं.

खर्चाचा मुद्दा मला ठाऊक आहे. दोन हजारांच्या वस्तूवर तिच्याहून जास्त पैसे पॅकिंगला आणि कागदांना लागले की चांगला माणूसही लपवायला लागतो. म्हणून माझा आग्रह आहे की मोठ्या फर्मनी आठवड्यातून एकदा लहानांचा धोकादायक (डीजी) माल एकत्र उचलावा, एकच प्रशिक्षित माणूस तो तपासेल, खर्च वाटला जाईल. पुण्यात चार जणांनी हे सुरू केलं आहे, त्यांच्या अनुभवावर उद्या सकाळी चर्चा आहे. ती कृपया चुकवू नका.

आणि एक काम आजचं. काउंटरसाठी मराठी प्रश्नपत्रिकेचा एक पानाचा मसुदा आम्ही तयार केला आहे. एका अनुवादकानं त्यात आधी ‘विद्युत घट’ लिहिलं होतं. शब्द शास्त्रशुद्ध आहे, शाळेच्या पुस्तकातला आहे, पण साताऱ्याच्या काकूंना तो ‘बॅटरी’पेक्षाही परका वाटेल, म्हणून तो काढला. वस्तू फुगली होती का, गरम होते का, पाण्यात पडली होती का, हे त्यात आहे. बॅटरी वस्तूच्या आत आहे, सोबत सुटी आहे की एकटीच जाते आहे, हेही आहे. पाठीवरचा वॉट-तासांचा आकडा कसा वाचायचा, त्याचं चित्र आहे. पण हे शब्द पश्चिम महाराष्ट्रातले आहेत. नागपुरात, रत्नागिरीत, नांदेडात, पणजीत याच वस्तूंना काय म्हणतात, ते तिथून आलेल्या तुम्हा मंडळींनाच सांगता येईल. मसुद्याच्या प्रती चहाच्या टेबलाशेजारी ठेवल्या आहेत, सोबत पेन आहेत. जो शब्द तुमच्या गिऱ्हाइकाला कळणार नाही, त्याच्यावर काट मारा आणि वर तुमचा शब्द लिहा. दुपारी अडीच वाजता आपण त्या प्रती घेऊन पुन्हा इथेच बसू.